कोलोन कॉन्सर्ट स्वतःच्या हातांनी वाजवताना : तयारीचा क्रम आणि नेहमीच्या चुका

24 जानेवारी 1975 च्या रात्री अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटने जर्मनीतल्या कोलोनच्या ऑपेरा हाउसमध्ये जे एकट्याने आणि आयत्या वेळी सुचेल तसे वाजवले, ते पुन्हा वाजवू पाहणाऱ्यांची पहिली चूक बहुधा पहिल्याच दिवशी होते. ते छापील स्वरलेखन मागवतात, पहिले पान पियानोवर उघडून ठेवतात आणि पहिल्या ओळीपासून बोटे बसवू लागतात. तीन आठवड्यांत चार पाने होतात, सहाव्या आठवड्यात डावा हात भरून येऊ लागतो आणि पुस्तक कपाटात जाते. दुसऱ्या टोकाला, ‘ते तर उत्स्फूर्त होते, मग आपणही उत्स्फूर्त वाजवू’ असे म्हणून दोन कॉर्ड धरून अर्धा तास भटकणारे वादक असतात. दोघांचेही कष्ट खरे असतात. चुकलेला असतो तो कामाचा क्रम, आणि हा लेख त्या क्रमाविषयी आहे.

वाचकाने पाच-सहा वर्षे पियानो वाजवलेला आहे, त्याला कॉर्ड ओळखता येतात आणि पाश्चात्त्य स्वरलेखन सावकाश का होईना वाचता येते, एवढे येथे गृहीत धरले आहे. जॅझचे वेगळे शिक्षण झालेले नसले तरी अडत नाही.

टप्पा 1 : आपण नेमके काय वाजवणार, ते लिहून काढावे

‘कोलोन कॉन्सर्ट वाजवतो’ या एका वाक्याखाली तीन निरनिराळी कामे चालतात. पहिले काम छापील स्वरलेखन जसेच्या तसे वाजवण्याचे. ते मोठी लिखित रचना बसवण्यासारखेच आहे आणि त्यात उत्स्फूर्ततेला जागा नाही. दुसऱ्या कामात मूळ मैफलीचा सांगाडा, म्हणजे कॉर्ड, डाव्या हाताचे साचे आणि विभागांचा क्रम, कायम ठेवून उजव्या हाताचा विस्तार स्वतःचा करायचा असतो. तिसऱ्यात मूळ मैफलीतला एखादाच धागा उचलून बाकी सर्व नवे रचायचे असते.

ख्याल शिकलेल्यांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही. गुरूच्या ध्वनिमुद्रणातली तान मात्रेसकट उचलणारा शिष्य, बंदिश तीच ठेवून स्वतःची बढत करणारा शिष्य आणि त्याच रागात नवी बंदिश बांधणारा शिष्य, हे तिघे वेगवेगळी तयारी करतात. पियानोवर मात्र लोक तिन्ही एकदम करू पाहतात. चार पाने पाठ करतात, पाचवे जमत नाही म्हणून तेथून ‘स्वतःचे’ वाजवू लागतात, आणि जेथे पाठांतर संपले तेथे पडलेली फट श्रोत्याला स्पष्ट ऐकू येते.

पहिल्या प्रयत्नासाठी दुसरे काम निवडावे, आणि तेही एकाच भागापुरते, असा माझा सल्ला आहे. संपूर्ण मैफल एका दमात उभी करण्याचा हट्ट बहुतेकांच्या अंगाशी येतो. पुढील टप्पे या दुसऱ्या कामाला धरून लिहिले आहेत. ज्यांना पहिले काम करायचे आहे त्यांना सहावा टप्पा सोडून बाकीचे थोडेफार बदलून वापरता येतील.

तपासणी : ‘मी अमुक भाग घेणार, त्यातले अमुक जसेच्या तसे ठेवणार आणि अमुक माझे असणार’ असे एक वाक्य कागदावर लिहून पाहावे. ते लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा 2 : पियानोला हात न लावता नकाशा काढावा

किमान आठ दिवस फक्त ऐकावे. ध्वनिमुद्रिकेवर चार तुकडे आहेत. पहिला भाग सुमारे 26 मिनिटांचा आहे. दुसऱ्या भागाचा ‘अ’ तुकडा सुमारे 15 मिनिटांचा, ‘ब’ तुकडा सुमारे 18 मिनिटांचा आणि ‘क’ तुकडा सुमारे 7 मिनिटांचा आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण तिच्यावरून रचनेचा चुकीचा अर्थ लावला जातो. दुसऱ्या भागातील ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यामधला तुटकपणा संगीतातला नसून तबकडीतला आहे. दोन तबकड्यांच्या संचात एका बाजूवर एवढे सलग वादन मावत नाही, म्हणून ते दोन बाजूंवर विभागले गेले. ‘अ’ संपल्यावर थांबून, हात मांडीवर ठेवून, दीर्घ श्वास घेणारे वादक मी पाहिले आहेत. ते तबकडी उलटण्याची नक्कल करत असतात. ‘क’ मात्र खरोखरच स्वतंत्र आहे. श्रोत्यांनी पुन्हा बोलावल्यावर वाजवलेला तो तुकडा आधी रचलेल्या धुनेवर आधारलेला आहे, आणि त्याचा विचार शेवटच्या टप्प्यात करू.

नकाशा काढण्यासाठी एक आडवी रेघ मारून तिच्यावर मिनिटे मांडावीत आणि फक्त तीन गोष्टी नोंदवाव्यात : डाव्या हाताचा साचा कोठे बदलतो, ताल कोठे सैल होतो आणि कोठे घट्ट धरला जातो, आणि आवाज कोठे चढतो व कोठे उतरतो. उजव्या हाताच्या सुरावटी या नोंदीत आणू नयेत. असे केले म्हणजे एक गोष्ट हळूहळू दिसू लागते, ती म्हणजे एवढ्या लांबलचक वादनामागे कॉर्डची संख्या फारच थोडी आहे. पहिल्या भागात सुमारे बारा मिनिटे ए मायनर सेव्हन्थ आणि जी मेजर या दोन कॉर्डवर चालतात, कधी सैल लयीत, कधी ब्लूज आणि गॉस्पेलच्या ढंगाने घट्ट ठेक्यात. त्याच भागाची शेवटची सहाएक मिनिटे ए मेजरवर आहेत. ‘अ’ तुकड्याची पहिली आठ मिनिटे डी मेजरच्या एकाच साच्यावर उभी आहेत, तर ‘ब’ तुकड्याची पहिली सहा मिनिटे एफ शार्प मायनरवर.

ए हा स्वर षड्ज मानला तर पहिल्या भागाची चाल आपल्या कानाला चटकन कळते. सुरुवातीच्या लांब पट्ट्यात गंधार कोमल आहे, शेवटच्या सहा मिनिटांत तो शुद्ध झाला आहे आणि षड्ज तोच राहिला आहे. दोन टोकांमधले हे नाते पक्के झाले की भाग आपोआप आकार घेतो. हे न कळता वाजवणारा शेवटच्या ए मेजरला ‘आणखी एक विभाग’ म्हणून वाजवतो आणि इतका वेळ थोपवून धरलेला उजेड वाया घालवतो.

जॅरेटचे गुणगुणणे, कण्हणे आणि पायाचे ठोके ध्वनिमुद्रणात ऐकू येतात. वाक्यांची सुरुवात आणि शेवट ओळखायला ते उपयोगी पडतात, म्हणून नकाशावर त्यांचीही खूण करावी. मात्र त्यांची नक्कल करू नये, कारण ती हास्यास्पद होते.

तपासणी : ध्वनिमुद्रण न लावता निवडलेल्या भागाचा नकाशा कोऱ्या कागदावर पुन्हा काढावा. वळणांचा क्रम बरोबर आला पाहिजे. मिनिटे एखाद-दुसऱ्याने चुकली तर चालतील.

टप्पा 3 : डाव्या हाताचा लेहरा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. सहा महिन्यांची तयारी असेल तर त्यातले दोन महिने येथे जाऊ द्यावेत, कारण मधेच कोसळणारी बहुतेक वादने येथे कच्ची राहिलेली असतात.

जॅझवाले ज्याला ‘वॅम्प’ म्हणतात, तो एक-दोन कॉर्डचा पुन्हा पुन्हा फिरणारा साचा असतो. स्वतंत्र तबलावादनाला पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरणाऱ्याचे काम ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला या डाव्या हाताचे काम नेमके कळेल. लेहरा धरणारा चाळीस मिनिटे एकच ओळ वाजवतो. तबलजी कितीही आडलयीत गेला तरी त्याने हलायचे नसते, आणि त्याचे वाजवणे कोणाच्या लक्षात आले नाही तर ते उत्तम झाले असे समजायचे. कोलोनच्या वादनात लेहरेवाला आणि तबलजी एकाच माणसाच्या दोन हातांत बसले आहेत. म्हणून दोघांना आधी वेगळे करून तयार करावे लागते.

पहिल्या आठवड्यात उजवा हात मांडीवर ठेवावा. निवडलेला साचा मूळ लयीच्या दोन तृतीयांश वेगाने, हळू आवाजात, पाच मिनिटे सलग वाजवावा. मेट्रोनोमचा ठोका प्रत्येक मात्रेवर न ठेवता चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवावा, म्हणजे सम आपली आपल्याला धरावी लागते. आवर्तने मोजण्यासाठी मी पियानोच्या कडेवर वीस चिंचोके ठेवतो आणि दर आठ आवर्तनांनी उजव्या हाताने एक चिंचोका डावीकडून उजवीकडे सरकवतो. हा प्रकार पोरकट वाटतो खरा, पण त्याने दोन कामे होतात : मनातली मोजणी थांबते, आणि उजवा हात हलला की डावा डगमगतो का, हे पहिल्याच दिवशी कळते. बहुतेकांचा डगमगतो. चिंचोका उचलण्यासाठी बोटे मिटतात त्या क्षणी डाव्या हाताची एक मात्रा किंचित आखूड होते, आणि ध्वनिमुद्रण ऐकेपर्यंत वाजवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

दुसऱ्या आठवड्यात साचा चालू ठेवून बोलावे. वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचणे हा यासाठी चांगला व्यायाम आहे. वाक्याचे विराम आणि साच्याची सम एकमेकांवर पडू लागली तर डावा हात अजून स्वतंत्र झालेला नाही असे समजावे. तिसऱ्या आठवड्यात साचा वाजवत एखादे ओळखीचे गाणे गावे, आणि चौथ्यात उजव्या हाताने एकच स्वर, मनाला येईल त्या जागी, वाजवावा. त्या एका स्वराची जागा बदलत राहावी. तो मात्रेच्या आधी, मात्रेवर, मात्रेनंतर आणि दोन मात्रांच्या मधोमध पडला तरी डाव्या हातात काहीही बदलता कामा नये. एवढे साधेपर्यंत सुरावटीला हात घालू नये.

हाताच्या बाबतीत नेहमीची चूक अशी की, एकसारखेपणा आणण्यासाठी मनगट घट्ट धरले जाते. साच्यातला सर्वांत खालचा स्वर करंगळीने दाबून न वाजवता मनगटाच्या छोट्या हेलकाव्याने वाजवावा आणि लगेच वजन सोडून द्यावे. प्रत्येक आवर्तनात हात पूर्ण सैल होण्याची निदान एक जागा ठरवून ठेवावी आणि नकाशावर तिची खूण करावी. त्या जागेशिवाय बारा मिनिटे निभत नाहीत.

सावधान : कोपराखालचा स्नायू कडक झाल्यासारखा वाटला की त्याच क्षणी थांबावे, ‘दुखणे वाजवता वाजवता जिरते’ हा समज खोटा आहे. दुखणे दुसऱ्या दिवशी उरले तर दोन दिवस पूर्ण सुट्टी घ्यावी आणि साच्याची बोटे बदलून पाहावीत. पुन्हा पुन्हा दुखत असेल तर सराव बंद ठेवून डॉक्टरांना हात दाखवावा.

तपासणी : मूळ लयीत दहा मिनिटे डावा हात एकटा वाजवून मोबाइलवर मुद्रित करावा. पहिले मिनिट आणि दहावे मिनिट लागोपाठ ऐकावे. वेग वाढलेला असेल (तो वाढतोच), आवाज चढलेला असेल, किंवा साच्यातला मधला एखादा स्वर गळू लागला असेल तर हा टप्पा अपुरा आहे.

टप्पा 4 : स्वरलेखन आता उघडावे

जॅरेट अनेक वर्षे हे वादन लिहून प्रसिद्ध करू देण्यास तयार नव्हता. अखेर शॉट या जर्मन प्रकाशनसंस्थेने 1991 मध्ये अधिकृत स्वरलेखन काढले, आणि ते वापरणाऱ्याने अंतिम प्रमाण म्हणून ध्वनिमुद्रणाकडेच पाहावे, अशी जॅरेटची शिफारस आहे. ही शिफारस केवळ नम्रता म्हणून सोडून देऊ नये, कारण कागदावर उतरत नाही असे या वादनात पुष्कळ आहे. उजवा हात मात्रेच्या किंचित मागे रेलतो ते अंतर, सुरावटीत जवळजवळ न वाजलेले पण जाणवणारे स्वर, एकाच कॉर्डमधल्या चार बोटांचे चार निरनिराळे वजन, हे कोणत्याही खुणेने लिहिता येत नाही. भातखंडे पद्धतीने लिहिलेली बंदिश वाचून ज्याने गायकी शिकण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला याचा अनुभव असेल.

म्हणून आठ-आठ मापांचा तुकडा घेऊन पुढील क्रम मोडू नये : आधी ऐकावा, मग गावा, मग अंदाजाने वाजवावा आणि सर्वांत शेवटी पुस्तकात पाहावा. पुस्तक मुख्यतः दोन कामांसाठी वापरावे. एक, डाव्या हाताच्या कॉर्डमधले स्वर नेमके कोणत्या क्रमाने रचले आहेत ते तपासण्यासाठी. आणि दुसरे, दाट झालेल्या जागी कानाला सुटलेले आतले स्वर शोधण्यासाठी. लय पुस्तकातून घेऊ नये. पुस्तकात जी लय किचकट दिसते ती ऐकताना बहुधा सहज असते, आणि किचकट समजून वाजवली की तशीच किचकट वाजते.

ज्यांना विस्तार स्वतःचा करायचा आहे त्यांनी उजव्या हाताच्या सुरावटी पाठ करू नयेत. विभागातली फार तर तीन-चार वाक्ये, ज्यांच्याशिवाय तो विभाग ओळखू येणार नाही एवढीच, नीट बसवावीत.

टप्पा 5 : मर्यादा ठरवून घ्याव्यात

या टप्प्याचे नाव ऐकून वादक हसतात आणि तो वगळतात, आणि मग त्यांचे वादन ‘बरोबर असूनही तसे वाटत नाही’.

जॅरेटने त्या रात्रीसाठी बोसेनडॉर्फर कंपनीचा 97 पट्ट्यांचा भव्य ‘इम्पीरियल’ मागितला होता. मंचावर मिळाला तो त्याच कंपनीचा पण लहान आणि आबाळ झालेला पियानो. वरच्या सप्तकांचा आवाज पातळ आणि पत्र्यासारखा, खर्ज दुबळा, पेडल धड चालत नव्हती. वाद्य सुरात लावायलाच कित्येक तास गेले. परिणाम ध्वनिमुद्रणात ऐकू येतो : हात बराच काळ पियानोच्या मधल्या पट्ट्यात राहतात आणि खर्जाला जे वजन देता येत नव्हते ते डाव्या हाताच्या तालबद्ध, पुन्हा पुन्हा येणाऱ्या साच्यांतून भरून काढले जाते. तो डावा हात एवढा आग्रही का आहे, याचे बरेचसे उत्तर त्या पियानोत आहे.

आता तोच साचा त्याच जोराने एखाद्या सुस्थितीतल्या नऊ फुटी पियानोवर वाजवून पाहावा. खर्ज घुमू लागतो, उजव्या हाताची सुरावट त्याखाली गाडली जाते, आणि जे मूळ वादनात धडपड म्हणून प्रभावी होते ते येथे नुसते दणकट वाटते. मूळ मैफलीतले स्वर उचलले, पण त्या स्वरांना तसे व्हायला लावणारी अडचण मात्र मागेच राहिली, असे येथे होते.

यावर उपाय म्हणून काही वादक मुद्दाम खराब पियानो शोधतात किंवा तारांवर कापड टाकतात. मला हा उपाय पटत नाही, कारण जॅरेट वाईट वाद्यातून चांगला आवाज काढू पाहत होता आणि हे वादक चांगल्या वाद्यातून वाईट आवाज काढू पाहतात. त्यापेक्षा स्वतःला नियम घालून घ्यावेत. उदाहरणार्थ : पहिली दहा मिनिटे मधल्या तीन सप्तकांच्या बाहेर जायचे नाही, डाव्या हाताने दोनपेक्षा जास्त स्वर एका वेळी वाजवायचे नाहीत, एका विभागात पेडल अजिबात वापरायचे नाही. असे दोन किंवा तीन नियम पुरेत. ते एका चिठ्ठीवर लिहून पियानोवर ठेवावेत आणि महिनाभर पाळावेत. चौथा नियम घातला की वादन संगीत न राहता कसरत होते, असा माझा अनुभव आहे.

तपासणी : नियम पाळून केलेले आणि नियमांशिवाय केलेले वादन एकाच दिवशी मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. नियमांचे वादन अधिक कंटाळवाणे वाटले तर नियम बदलावेत. लगेच सोडून देऊ नयेत.

टप्पा 6 : उजव्या हाताचा विस्तार

ए मायनर सेव्हन्थ आणि जी मेजर या दोन कॉर्डमधले स्वर एकत्र मांडले तर ए, बी, सी, डी, ई आणि जी असे सहा स्वर होतात. ए हा षड्ज धरला तर षड्ज, ऋषभ, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद मिळतात. धैवत मात्र या कॉर्डमध्ये नाही. तो शुद्ध घ्यावा की कोमल, हे कॉर्ड सांगत नाहीत, वाजवणाऱ्याने ठरवायचे आहे. शुद्ध घेतला तर रंग काफी थाटाकडे जातो, कोमल घेतला तर आसावरीकडे. नेमक्या याच जागी नवशिका वादक न कळत दोन्ही धैवत मिसळतो आणि ‘सूर बरोबर आहेत, तरी काहीतरी गढूळ आहे’ अशी तक्रार करतो. पहिल्या महिन्यात एकच धैवत पक्का करावा. दुसरा पुढे केव्हा येणार आणि कोणत्या वळणाने येणार, ते नकाशावर आधी लिहावे आणि मगच वाजवावे. धैवत पूर्ण वगळून पाच मिनिटे वाजवणे हाही उत्तम सराव आहे. त्यानंतर आलेला पहिला धैवत किती मोठा वाटतो ते एकदा ऐकावे.

येथे एक सावधगिरीही हवी. थाटांची ही नावे स्वर ओळखण्यापुरती आहेत. त्यांच्या आधाराने रागाचे चलन, मींडेची आठवण करून देणारे लांब स्वर किंवा तिहाया आणू लागलो तर थोड्याच वेळात ते वादन कोलोनचेही राहत नाही आणि रागाचेही होत नाही. ज्याला तसेच काही करायचे आहे त्याने पहिल्या टप्प्यातले तिसरे काम निवडले आहे, हे स्वतःशी मान्य करावे.

विस्ताराच्या सरावात जवळजवळ प्रत्येकाला चौथ्या मिनिटाच्या आसपास भिंत लागते. सुचलेले संपते, हात जलद तानांकडे वळतो, आवाज चढतो आणि मग उतरायला जागा राहत नाही. यावर मी विद्यार्थ्यांना एकच उपाय सांगतो : चौथे मिनिट आले की नवे काही न शोधता पहिल्या मिनिटातले एक वाक्य परत आणावे आणि त्यातला एकच स्वर काढून टाकावा. पुढच्या वेळी आणखी एक काढावा. वाक्य झिजत दोन स्वरांवर आले की तेथूनच बहुधा नवे वाक्य निघते. घड्याळ लावून आधी सहा, मग नऊ, मग बारा मिनिटे असा सराव वाढवावा आणि एका दिवसात असे दोनच प्रयत्न करावेत, कारण तिसऱ्या प्रयत्नात कान थकलेला असतो आणि हात सवयीवर चालतो.

एका साच्यातून दुसऱ्यात जाण्याची जागा मात्र आयत्या वेळेवर सोडू नये. दुसऱ्या भागातल्या दोन साच्यांचे कॉर्ड सरावासाठी शेजारी ठेवून पाहावेत. डी मेजर आणि एफ शार्प मायनर यांच्यात एफ शार्प आणि ए हे दोन स्वर सामाईक आहेत. उजव्या हाताने हे दोनच स्वर धरून ठेवून खाली डावा हात सावकाश बदलावा. असे सामाईक स्वर प्रत्येक वळणासाठी शोधून लिहून ठेवले की पूल तयार राहतो, तो केव्हा ओलांडायचा एवढेच मैफलीत ठरवावे लागते.

मैफलीच्या आरंभाचाही निर्णय येथेच घ्यावा. पहिला भाग सुरू होतो तो ऑपेरा हाउसमध्ये श्रोत्यांना आत बोलावणाऱ्या घंटेच्या पाच स्वरांनी : जी, डी, सी, जी, ए. थोड्याच वेळापूर्वी तीच घंटा ऐकून आत आलेल्या श्रोत्यांतून हलके हसू उमटते, ते ध्वनिमुद्रणात ऐकू येते. पुण्यात किंवा मडगावात हे पाच स्वर वाजवले तर ध्वनिमुद्रण पाठ असलेल्यांखेरीज कोणाला त्यांचा संदर्भ लागणार नाही. ते ठेवण्यात गैर काही नाही, परंतु ती खूण आहे हे समजून ठेवावी. आपल्या नाट्यगृहांत तिसऱ्या घंटेची सवय सर्वांनाच आहे. सभागृहातल्या घंटेचा स्वर आदल्या दिवशी पियानोवर शोधून ठेवला आणि त्या स्वरापासून सुरुवात केली, तर मूळ वादनात जे घडले त्याच्या अधिक जवळ जाता येईल.

टप्पा 7 : परवानगी आणि कार्यक्रमपत्रिका

हे संगीत हक्कसंरक्षित आहे. भारतात तिकीट लावून किंवा न लावताही जाहीर कार्यक्रम करायचा असेल तर सादरीकरणाच्या परवान्यासाठी आयोजकाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे आधी विचारणा करावी. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करणे आणि चित्रफीत इंटरनेटवर टाकणे यांच्या परवानग्या वेगळ्या असतात. एका परवान्यात सर्व आले असे समजू नये. स्वरलेखनाच्या छायाप्रती वाटू नयेत.

पत्रिकेत काय मूळचे आणि काय आपले, हे एका वाक्यात छापावे. पहिल्या टप्प्यात लिहिलेले वाक्य येथे जसेच्या तसे कामी येते.

टप्पा 8 : सभागृहातला पियानो

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एका लहान सभागृहात मी ए वर उभा असलेला साचा तयार करून गेलो होतो. तासभर आधी वाद्यावर हात ठेवला, तर खर्जातला नेमका तोच ए वाजताना तार झणझणत होती आणि त्याच्या शेजारची पट्टी दाबली की वर येताना रेंगाळत होती. मी आयत्या वेळी साचा एक सप्तक वर नेला. त्यामुळे उजव्या हाताची जागा गेली, दोन्ही हात एकमेकांत अडकू लागले आणि पहिली दहा मिनिटे वाजवण्याऐवजी वाट काढण्यात गेली. चूक माझी होती, कारण वाद्य मी आदल्या दिवशी पाहायला हवे होते. आमच्याकडच्या दमट हवेत लाकूड आणि नमदा फुगतात, पट्ट्या अडकतात आणि सूर हलतो. हे माहीत असूनही मी गेलो नव्हतो.

म्हणून आदल्या दिवशी जाऊन पुढील क्रमाने तपासावे. सर्व पट्ट्या एकेक करून अगदी हळू दाबाव्यात आणि न वाजणाऱ्या किंवा उशिरा उठणाऱ्या पट्ट्यांची यादी करावी. साच्यातले स्वर मूळ लयीत दोन मिनिटे वाजवून पाहावेत, कारण एकदा दाबल्यावर ठीक असलेली पट्टी शंभराव्या वेळी दगा देते. पेडल पूर्ण, अर्धे आणि पाव दाबून आवाज केव्हा तुटतो ते पाहावे. शक्य असल्यास कोणालातरी मागच्या रांगेत बसवून विचारावे की सुरावट ऐकू येते की नुसता डावा हात. पियानो मैफलीच्या दिवशी, त्याच तापमानात, म्हणजे वातानुकूलन चालणार असेल तर ते चालू ठेवून, सुरात लावून घ्यावा.

घरी डिजिटल पियानोवर सराव करणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा आहे. अनेक स्वस्त पेडलांना ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच कळते. खऱ्या पियानोवर अर्धे पेडल सांभाळण्याची सवय नसेल तर पहिल्याच विभागात चिखल होतो. मैफलीपूर्वी निदान पाच-सहा बैठका खऱ्या वाद्यावर झाल्या पाहिजेत.

टप्पा 9 : मैफलीच्या दिवशी

त्या दिवशी मूळ ध्वनिमुद्रण ऐकू नये. दुपारी डाव्या हाताचा साचा हळू आवाजात दहा मिनिटे वाजवावा, विस्ताराचा सराव करू नये. मंचावर नकाशाचा एकच कागद आणि, हवी असल्यास, नियमांची चिठ्ठी न्यावी. पुस्तक नेऊ नये. पुस्तक समोर असले की अडखळल्यावर डोळे तिकडे जातात, पान भलतेच असते आणि साचा तुटतो. अडखळल्यास उजवा हात उचलावा आणि लेहरा चालू ठेवावा. दोन आवर्तने नुसता डावा हात वाजला तर श्रोत्याला ती जागा मुद्दाम सोडल्यासारखी वाटते. डावा हात थांबला तर मात्र चूक सर्वांना कळते.

शेवटी श्रोत्यांनी पुन्हा बोलावले तर काय वाजवायचे, ते आधी ठरलेले असावे. आणखी थोडा विस्तार करून वेळ मारून नेण्याचा मोह होतो आणि तो बहुधा फसतो, कारण हात रिकामे झालेले असतात. जॅरेटनेही त्या क्षणी तयार धुनेचा आधार घेतला होता. ‘क’ तुकडा वाजवायचा असेल तर तो रचना म्हणूनच बसवावा, म्हणजे धून पूर्ण पाठ, कॉर्ड पक्के आणि अलंकार बेताचे. तो वाजवायचा नसेल तर आपली एखादी पाच-सात मिनिटांची धून तयार ठेवावी आणि तिचा पहिला कॉर्ड नकाशाच्या कागदाच्या तळाशी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, कारण टाळ्या चालू असताना तो आठवत नाही.